नळाचं पाणी, आखूड गुणसूत्र आणि चार प्रबंध

मॉलेक्युलर मेडिसिनमध्ये पीएचडीला आलेला विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतो : सध्या संधी कशात आहे? उत्तरात त्याला एखाद्या तंत्राचं नाव हवं असतं. जनुक-संपादन घेऊ, की सिंगल सेल सिक्वेन्सिंग, की इम्युनोथेरपी? मी यांपैकी कशाचंच नाव घेत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाची चार दशकांची हकिकत त्याच्यापुढे ठेवते आणि तिच्यात आपली जागा कुठे दिसते ते शोधायला सांगते.

ही हकिकत बहुतेकांना शेवटाकडून माहीत असते. २००१ साली इमॅटिनिब नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली आणि काही वर्षांत जीव घेणारा हा आजार रोजच्या औषधावर काबूत राहू लागला. अशी सांगितली की ती नामवंत शास्त्रज्ञांची आणि एका मोठ्या औषध कंपनीची गोष्ट होते. प्रबंधाला विषय शोधणाऱ्याला त्यात शिरायला फट दिसत नाही. पण या वाटेवरचे चार कळीचे टप्पे ज्यांच्या हातून पार पडले ते त्या वेळी संशोधक विद्यार्थी होते : डेव्हिड हंगरफर्ड, जेम्स कोनोप्का, जॉर्ज डेली आणि मर्सिडीज गोर. त्यांच्या पदरात ते काम नेमकं कसं पडलं, एवढंच मला इथे तपासायचं आहे.

आजाराबद्दल थोडक्यात. सीएमएलमध्ये अस्थिमज्जेतून ग्रॅन्युलोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी बेसुमार तयार होतात. सुरुवातीची काही वर्षं आजार संथ असतो. मग तो अचानक पालटतो, अपक्व पेशींचा पूर येतो आणि रुग्ण काही महिन्यांत दगावतो. या अवस्थेला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. ब्युसल्फान, हायड्रॉक्सीयुरिया, पुढे इंटरफेरॉन आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण हे जुने उपाय. पहिल्या दोघांनी रक्तातल्या पेशींची संख्या खाली यायची, आजाराची चाल मात्र फारशी बदलत नसे.

फिलाडेल्फिया, १९५९-६०

पीटर नोवेल हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले तरुण पॅथॉलॉजिस्ट. ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशी ते काचपट्टीवर वाढवत आणि रंग देऊन पाहत. एकदा रंगवण्याआधी त्यांनी पट्ट्या नळाच्या पाण्याने धुतल्या. नळाच्या पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे पाणी पेशीत शिरलं, पेशी फुगल्या आणि विभाजनाच्या ऐन क्षणी असलेल्या पेशींमधली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी झाली. नोवेल यांना गुणसूत्रं दिसली, पण त्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं, कारण तो त्यांचा विषय नव्हता. वाचता येणारा माणूस हवा होता.

असा माणूस त्याच शहरात फॉक्स चेस भागातल्या कॅन्सर संशोधन संस्थेत सापडला. हंगरफर्ड तिथे मानवी गुणसूत्रांवर प्रबंध करू पाहत होता. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं ओळखण्याची नजर होती, पण मोजता येतील अशा विभाजन पावणाऱ्या मानवी पेशी मिळवणं त्याला जड जात होतं. एकाकडे पेशी, दुसऱ्याकडे नजर. दोघांनी एकत्र काम सुरू केलं.

काळही लक्षात घ्यायला हवा. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे ज्यो हिन ट्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखवलं होतं. त्याआधी कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा होता. म्हणजे हंगरफर्ड ज्या विषयावर प्रबंध करत होता त्यातला मूळ आकडासुद्धा जेमतेम तीन-चार वर्षांपूर्वीच दुरुस्त झालेला. कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रं बिघडलेली असतात हे थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच मांडलं होतं. पण बिघाड इतके आणि इतके वेगवेगळे दिसत, की तो कर्करोगाचा परिणाम असावा, कारण नसावं, असंच बहुतेकांना वाटत होतं.

हंगरफर्डला सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक विलक्षण आखूड गुणसूत्र दिसलं. पहिले दोन्ही रुग्ण पुरुष होते, त्यामुळे हे बिघडलेलं वाय गुणसूत्र असावं अशी शंका सुरुवातीला आली. आणखी रुग्ण पाहिल्यावर ती मागे पडली. १९६० मध्ये ‘सायन्स’मध्ये या दोघांचं छोटंसं टिपण छापून आलं. सात रुग्णांत तेच आखूड गुणसूत्र होतं. एका विशिष्ट कर्करोगाशी पुन्हापुन्हा आढळणारा गुणसूत्राचा एकच एक बिघाड जोडला गेला, तो हा पहिल्यांदा. पुढे एडिनबराच्या संशोधकांनी शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणायला सुरुवात केली.

हे सांगून झालं की विद्यार्थी नळाच्या पाण्यावर थांबतात. योगायोग होता, ते म्हणतात. पाण्याचा भाग योगायोगाचा होता हे मलाही मान्य आहे. पण नळाचं पाणी नोवेल यांना मिळालं होतं, हंगरफर्डला नव्हे. हंगरफर्डची संधी वेगळ्या जागी होती : तो अशा कौशल्यात मुरत होता ज्याची त्याच शहरातल्या दुसऱ्या संस्थेत गरज होती आणि तिथे ते कुणाला येत नव्हतं. विद्यार्थ्याने हातात घेण्यासारखी हीच गोष्ट आहे, कारण पाण्यावर ताबा नसतो, कौशल्यावर असतो. एखादं वाचन-कौशल्य इतकं आत्मसात करावं की दोन विभागांपलीकडचा डॉक्टर नमुना घेऊन तुमच्याकडे येईल. आज ते सूक्ष्मदर्शकाखालचं वाचन असेल असं नाही. सिक्वेन्सिंगच्या विदेतला खरा बदल आणि यंत्राची चूक वेगळी काढणं, फ्लो सायटोमेट्रीचे आलेख वाचणं, प्रथिनाच्या रचनेचा नकाशा वाचणं, या सगळ्याला तोच न्याय लागू होतो.

नोवेल यांच्याच प्रयोगशाळेतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रक्तातल्या लाल पेशी गोळा करून बाजूला काढण्यासाठी शेंगदाण्यांच्या कुळातल्या घेवड्यापासून काढलेलं फायटोहीमॅग्लुटिनिन वापरत. नोवेल यांच्या लक्षात आलं की त्याच्या सहवासात रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी विभाजित होऊ लागतात. हाही निष्कर्ष १९६० मध्येच प्रसिद्ध झाला. त्यामुळे अस्थिमज्जेला सुई न लावता, नुसत्या रक्ताच्या नमुन्यावरून गुणसूत्रं तपासता येऊ लागली. पद्धतीतलं एक निरुपद्रवी वाटणारं रसायन प्रयोगाचा निकाल बदलत असतं, आणि ते आधी त्याच्याच लक्षात येतं जो स्वतःच्या हाताने पट्ट्या धुतो. विद्यार्थी धुतात, मार्गदर्शक सहसा धुत नाहीत.

हंगरफर्डचं नाव मात्र मागे पडत गेलं. प्रकृतीने त्याला संशोधनातून लवकर बाहेर काढलं आणि १९९३ मध्ये तो गेला. नोवेल यांना १९९८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. ते आखूड गुणसूत्र प्रथम ज्याच्या नजरेने टिपलं तो विद्यार्थी होता, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात एका ओळीने तरी यायला हवं.

मधली तेरा वर्षं

गुणसूत्र आखूड आहे, पण हरवलेला तुकडा गेला कुठे? हा प्रश्न तेरा वर्षं तसाच पडून राहिला, कारण तो सोडवणारं तंत्रच नव्हतं. १९७० च्या सुमारास क्विनाक्रिनसारखी रंगद्रव्यं वापरून गुणसूत्रांवर पट्टे उमटवता येऊ लागले आणि प्रत्येक गुणसूत्राला ओळखपत्र मिळालं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं की तुकडा हरवलेला नाहीच. २२ व्या गुणसूत्राचा तुकडा ९ व्या गुणसूत्राला जाऊन चिकटला होता. राउली विद्यार्थिनी नव्हत्या, म्हणून इथे त्यांच्यावर जास्त थांबत नाही. पण विषय शोधणाऱ्याने या तेरा वर्षांकडे नीट पाहावं. प्रश्न सगळ्यांना ठाऊक होता, उत्तर देण्याची सोय मात्र नव्हती. अशा प्रश्नावर प्रबंध घेतला की विद्यार्थी पाच वर्षं भिंतीवर डोकं आपटतो. तोच प्रश्न तंत्र आल्यावर सहा महिन्यांत घेतला तर सोपा असतो. म्हणून नवं तंत्र हाती आलं की नवा प्रश्न शोधण्याआधी जुने, पडून राहिलेले प्रश्न चाळावेत, असं मी आग्रहाने सांगते.

लॉस एंजेलिस, १९८४

आता जीवशास्त्राची वाट दुसरीकडून येते. १९७० मध्ये हर्बर्ट एबेल्सन आणि लुईस रॅबस्टाइन यांनी उंदरांत रक्ताचा कर्करोग घडवणारा एक विषाणू वेगळा केला. त्या विषाणूतल्या जनुकाला एबल म्हणतात. १९८० मध्ये ओवेन विटे यांनी डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत दाखवलं की एबलपासून बनणारं प्रथिन टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतं, म्हणजे ते टायरोसिन कायनेज आहे. टायरोसिनवर फॉस्फेट चढू शकतं हे टोनी हंटर यांना त्याच सुमारास कळलं होतं, तेही रेणू वेगळे करताना वापरायच्या द्रावणाची, म्हणजे बफरची, आम्लता ते वापरून जुनं झाल्याने थोडी वाढल्यामुळे. ताज्या बफरमध्ये फॉस्फेट चढलेलं टायरोसिन आणि फॉस्फेट चढलेलं थ्रिओनिन यांचे दोन डाग एकमेकांवर बसत, जुन्यात ते वेगळे झाले.

१९८२ मध्ये कळलं की माणसातलं एबल जनुक ९ व्या गुणसूत्रावर असतं आणि सीएमएलमध्ये ते २२ व्यावर, त्या आखूड फिलाडेल्फिया गुणसूत्रावर, जाऊन बसतं. ते जिथे तुटतं ती २२ व्यावरची जागा सगळ्या रुग्णांत एका छोट्या टापूत एकवटलेली असते हे १९८४ मध्ये दिसलं. त्या टापूला बीसीआर हे नाव पडलं.

विटे तोवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत स्वतःची प्रयोगशाळा चालवत होते आणि जेम्स कोनोप्का तिथे पीएचडी करत होता. जनुक जागा बदलतं हे एव्हाना स्पष्ट होतं. पण प्रथिन बदलतं का? जागाबदलाने प्रथिन तेच राहून फक्त जास्त प्रमाणात बनत असेल, किंवा प्रथिनाचा आकारच बदलत असेल, किंवा काहीच होत नसेल. या तीनही उत्तरांना अर्थ होता. हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर प्रबंध तारतं आणि दुसरं उत्तर पाच वर्षं बुडवतं, तो प्रश्न विद्यार्थ्याला देणं मी अन्याय मानते. कोनोप्काला मिळालेला प्रश्न कुठल्याही उत्तराने प्रबंध पूर्ण करणारा होता.

त्याच्याकडे साधनं दोन. एक, विषाणूच्या एबलवर काम करताना प्रयोगशाळेत बनलेली प्रतिपिंडं, म्हणजे एबल प्रथिनाला चिकटून ते शोधून देणारे रेणू. दुसरं, के५६२ नावाच्या पेशी. सीएमएलच्या ब्लास्ट क्रायसिसमधल्या एका स्त्रीच्या पेशींपासून ही पेशीरेषा तयार झाली होती आणि १९७५ पासून ती कुणालाही उपलब्ध होती. म्हणजे नऊ वर्षं या पेशी जगभरच्या शीतपेट्यांत होत्या आणि त्यांच्यात दडलेलं प्रथिन कुणी पाहिलं नव्हतं. नेहमीचं एबल प्रथिन सुमारे १४५ किलोडाल्टनचं असतं (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं माप). के५६२ मध्ये २१० किलोडाल्टनचं, बरंच मोठं प्रथिन निघालं, आणि त्याला टायरोसिन कायनेजची ठळक क्रिया होती. पुढच्याच वर्षी त्या गटाने रुग्णांच्या नमुन्यांतही हे प्रथिन, म्हणजे पी२१०, दाखवलं. त्याच १९८५ मध्ये इस्राएलच्या वाइझमान संस्थेतल्या गटाने बीसीआर आणि एबल यांचा जोडलेला आरएनए शोधला, त्यामुळे प्रथिन मोठं का याचं उत्तरही मिळालं : दोन जनुकं एकमेकांत विलीन झाली होती.

इथली संधी पाहिली तर ती प्रयोगशाळेतल्या शिल्लक मालातून आली. विषाणूसाठी बनवलेली प्रतिपिंडं मानवी आजाराला लावली गेली. रोटेशनसाठी एखाद्या प्रयोगशाळेत सहा-आठ आठवडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने तिथले शोधनिबंध वाचावेतच, पण फ्रीजची यादीही मागून घ्यावी. कुठल्या पेशी आहेत, कुठली प्रतिपिंडं, कुठल्या रुग्णांचे नमुने, किती जुने, कुणाच्या परवानगीने घेतलेले. प्रबंधाचा पहिला अध्याय पुष्कळदा त्या यादीत असतो.

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स, १९९०

पी२१० रुग्णांत सापडतं, म्हणून ते आजाराचं कारण ठरत नाही. ही पायरी लोक सहज ओलांडून जातात. सगळ्या सीएमएल रुग्णांत आढळणारी गोष्ट आजाराची खूणही असू शकते. जॉर्ज डेली हा बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेतला विद्यार्थी. वैद्यकीय पदवी आणि पीएचडी तो जोडीने करत होता. त्याने बीसीआर-एबल हे जोडजनुक एका रेट्रोव्हायरसमध्ये, म्हणजे पेशीच्या डीएनएत आपली जनुकं घुसवणाऱ्या विषाणूत, बसवलं, त्या विषाणूने उंदरांच्या अस्थिमज्जेच्या पेशी संक्रमित केल्या आणि किरणोत्साराने स्वतःची मज्जा नष्ट केलेल्या उंदरांत त्या सोडल्या. काही उंदरांना माणसातल्या सीएमएलसारखा आजार झाला. रिचर्ड व्हॅन एटन आणि बाल्टिमोर यांच्यासह लिहिलेला हा निबंध फेब्रुवारी १९९० मध्ये ‘सायन्स’ने छापला.

त्याच वर्षी आणखी दोन गटांनी जवळपास हेच दाखवलं. विद्यार्थ्यांना अशा बातमीचा धसका बसतो. आपला विषय दुसऱ्याने आधी छापला तर सगळं वाया जाईल असं वाटतं. पण या निष्कर्षाला तीन हातांनी पाठबळ मिळालं म्हणूनच त्यावर औषधाचा मोठा डाव लावण्याइतका विश्वास बसला. एकाच प्रश्नाकडे तीन प्रयोगशाळा वळल्या तर प्रश्न पिकला आहे असं समजावं. मार्गदर्शकाशी इतकंच आधी बोलून घ्यावं की दुसरे पुढे गेले तर आपल्या कामातला कोणता भाग तरीही आपला राहील.

डेलीच्या कामाचा अवघड भाग विषाणू बनवण्यात नव्हता. उंदीर आजारी पडेपर्यंत महिने थांबणं, बरेच उंदीर दुसऱ्याच रक्तविकारांनी मरणं, त्यातून सीएमएलसारखे कुठले हे पॅथॉलॉजिस्टच्या नजरेने ठरवणं, यात वेळ गेला. दोन्ही शिक्षणं एकदम घेणाऱ्याला इथे फायदा होता. ज्यांना ते जमत नाही त्यांनी प्रबंध समितीत एखादा क्लिनिशियन आग्रहाने घ्यावा. नावापुरता नको, रुग्ण पाहणारा हवा.

औषध

बाझेलमधल्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमान आणि सहकारी कायनेज रोखणारे रेणू बनवत होते. त्यांतला एक मूळचा प्रोटीन कायनेज सी या दुसऱ्याच विकरासाठी होता. एका ठिकाणी मिथाइल गट जोडल्यावर त्याची ती क्रिया गेली आणि एबलवरची पकड राहिली. हेच पुढचं इमॅटिनिब. पोर्टलंडचे कर्करोगतज्ज्ञ ब्रायन ड्रकर यांनी तो रेणू सीएमएलवर लावून पाहण्याचा हट्ट धरला. १९९६ मध्ये प्रयोगशाळेतले निकाल आले, जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला औषध दिलं गेलं. इंटरफेरॉन न लागू पडलेल्या संथ अवस्थेतल्या ५४ रुग्णांना दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा मिळाली, त्यांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषध मंजूर झालं.

हंगरफर्डच्या टिपणापासून ४१ वर्षं. "मला औषध शोधायचं आहे" असं लिहून प्रवेशअर्ज करणाऱ्यांना मी हा आकडा दाखवते, त्यांचा उत्साह कमी व्हावा म्हणून नाही. चार-पाच वर्षांच्या प्रबंधाचं माप औषधाला लावायचं नसतं, या साखळीतल्या एका सांध्याला लावायचं असतं. एवढं कळलं की विषय निवडताना हात मोकळे होतात.

पुन्हा लॉस एंजेलिस, २००१

चौथा टप्पा मला सगळ्यांत जवळचा आहे.

इमॅटिनिबची रुग्णांवरची पहिली (फेज १) चाचणी तीन केंद्रांवर चालली. त्यांतल्या लॉस एंजेलिसच्या केंद्राचे प्रमुख चार्ल्स सॉयर्स. मर्सिडीज गोर ही त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. संथ अवस्थेतले रुग्ण बरे राहत होते, पण ब्लास्ट क्रायसिसमधल्या रुग्णांत वेगळंच दिसत होतं. औषधाने ते आश्चर्यकारक सुधारत आणि काही महिन्यांत, औषध चालू असतानाच, आजार उलटून येई. सगळं जग औषधाच्या यशाकडे पाहत होतं आणि गोरपुढे ते ज्यांना पुरलं नाही त्यांचे नमुने होते.

प्रश्न सोपा मांडला गेला. एक शक्यता अशी की कर्करोगाने बीसीआर-एबलची साथ सोडली आणि तो आता दुसऱ्याच कशावर जगतो. तसं असेल तर हे लक्ष्य संपलं, नवं शोधावं लागेल. दुसरी अशी की बीसीआर-एबल अजूनही आजार चालवतं, फक्त औषध त्याला पकडू शकत नाही. तसं असेल तर त्याच लक्ष्यावर दुसरं औषध बनवता येईल. दोन्ही उत्तरांवर पुढच्या दहा वर्षांच्या औषधसंशोधनाची दिशा ठरणार होती.

उत्तर काढायला सीआरकेएल हे प्रथिन वापरलं गेलं. बीसीआर-एबल जागं असलं की सीआरकेएलवर फॉस्फेट चढतं. रुग्ण सुधारत असताना हे फॉस्फेट उतरलेलं होतं. आजार उलटल्यावर पाहिलं तर ते परत चढलेलं. म्हणजे दुसरी शक्यता खरी : लक्ष्य तेच, औषध निकामी. मग जनुकाचं सिक्वेन्सिंग केलं. तपासलेल्या नऊ रुग्णांपैकी सहांमध्ये एबलच्या ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं होतं. डीएनएतलं एक अक्षर बदललेलं, सीचं टी. आणखी तीन रुग्णांत बीसीआर-एबल जनुकाच्याच प्रती वाढलेल्या होत्या.

ही ३१५ वी जागा महत्त्वाची का, हे एक वर्ष आधीच कळलेलं होतं. जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने २००० मध्ये एबलला चिकटलेल्या औषधाच्या जातीच्या रेणूची स्फटिकरचना प्रसिद्ध केली होती आणि त्यात त्या थ्रिओनिनशी हायड्रोजन बंध दिसत होता. आयसोल्युसिन आलं की बंध जातो आणि जागाही अडते. रचनेचा नकाशा एका प्रयोगशाळेत, रुग्णांचे नमुने दुसऱ्या, आणि विद्यार्थिनीने दोन्ही शेजारी ठेवले. निबंध ‘सायन्स’मध्ये छापून आला ३ ऑगस्ट २००१ रोजी. औषधाला मंजुरी मिळून तीन महिनेही झाले नव्हते.

इतक्या लवकर हे होऊ शकलं याचं श्रेय चाचणीच्या आखणीला आहे. रुग्णांचे नमुने औषधापूर्वी, औषध चालू असताना आणि उलटल्यावर असे तिन्ही वेळा घेऊन जपले गेले. त्यांतला एकही नसता तर फॉस्फेट उतरल्याचं आणि परत चढल्याचं दाखवता आलं नसतं. म्हणून क्लिनिकल चाचणीच्या जवळपास काम करण्याची संधी असेल तर पहिल्याच भेटीत विचारायचं : नमुने कुठल्या दिवशी घेतले जातात, पेशी जिवंत गोठवतात की फक्त डीएनए काढून ठेवतात, रुग्णांनी संमती कुठल्या वापराला दिली आहे, आणि नीतिसमितीची परवानगी तुमच्या प्रश्नाला पुरते का. परवानगी नव्याने घ्यायची झाली तर महिने जातात. ते प्रबंधाच्या पहिल्या वर्षात गेले तर चालतं, चौथ्या वर्षात नाही.

आणखी एक. अपयशाच्या नमुन्यांना मागणी कमी असते. ज्या रुग्णांना औषध लागू पडलं त्यांच्याभोवती अनुभवी लोकांची गर्दी होते. ज्यांना पडलं नाही ते आकडेवारीत एक ओळ होऊन राहतात. विद्यार्थ्याला मोकळी जागा बऱ्याचदा तिथे मिळते, आणि त्या रुग्णांचंही कुणीतरी देणं लागतं. गोरच्या निबंधातून पुढची औषधं निघाली. डॅसॅटिनिब २००६ मध्ये, नायलोटिनिब २००७ मध्ये आलं. दोन्ही ३१५ व्या बदलापुढे हरली, आणि खास त्यासाठी घडवलेलं पोनॅटिनिब २०१२ मध्ये आलं. असिमिनिबला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. आधीची औषधं एबलच्या ज्या खाचेत बसतात तिथे ते जातच नाही, एबलच्या दुसऱ्या एका कप्प्यात बसतं. तो कप्पा २००३ मध्ये एबलचं स्वतःवरचं नियंत्रण कसं चालतं हे पाहताना मूलभूत संशोधनातून उघड झाला होता.

आजचा पडून राहिलेला प्रश्न

हे सगळं ऐकून विद्यार्थी म्हणतात की सीएमएलमध्ये आता काय उरलं? मी त्यांना औषध थांबवण्याच्या चाचण्यांकडे वळवते.

फ्रान्समधल्या स्टिम चाचणीत शंभर रुग्णांचं इमॅटिनिब बंद करण्यात आलं. त्याआधी किमान दोन वर्षं त्यांच्या रक्तात बीसीआर-एबलचा मागमूस सापडला नव्हता. २०१० मध्ये निकाल आले. वर्षभरानंतर सुमारे ४० टक्के रुग्णांत आजार परतला नव्हता. बाकीच्यांत परतला, तोही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर तो परत आवरला. मग ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जास्त संवेदनशील पद्धतीने, आरएनएऐवजी थेट डीएनए तपासला. औषधाविना वर्षानुवर्षं ठीक असलेल्या काही रुग्णांतही बीसीआर-एबल असलेल्या पेशी सापडल्या.

पेशी आहेत आणि आजार नाही. शेजारच्या रुग्णात तितक्याच पेशी असतील आणि आजार सहा महिन्यांत परतेल. या दोघांत काय वेगळं आहे? प्रतिकारशक्तीतल्या नैसर्गिक मारक पेशींचं प्रमाण, मूळ पेशींची झोपेची अवस्था, पहिल्या दिवशीचा उत्परिवर्तनांचा साठा, असे अंदाज मांडले गेले आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूने थोडा थोडा पुरावा आहे. एकही निर्णायक नाही.

प्रश्न कोनोप्काच्या प्रश्नासारखा आहे, कुठलंही उत्तर उपयोगी. तंत्र आलेलं आहे, एकेका पेशीतलं उत्परिवर्तन आणि तिची जनुकक्रिया एकत्र वाचता येते. औषध थांबवलेल्या रुग्णांचे, थांबवण्याआधीचे आणि नंतरचे, नमुने निरनिराळ्या चाचण्यांत गोळा झालेले आहेत. गेल्या वेळी हे ऐकून एक विद्यार्थिनी वर्गानंतर थांबली. तिने एवढंच विचारलं, की जिवंत गोठवलेल्या पेशी आहेत की नुसता डीएनए, हे कुणाला विचारायचं. मी तिला चाचणीच्या समन्वयकाला लिहायला सांगितलं.